साठ टक्के सागवान

१२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईच्या गोदीतून एक जहाज पाण्यात उतरलं. त्यानंतर बरोबर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीला बापू गोखले पडले, मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा भुईकोट घेतला आणि जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. पेशवाई आटोपली. ते जहाज मात्र अजून आहे. इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावात, पाण्यावर तरंगत.

जहाजाचं नाव ट्रिंकोमाली. श्रीलंकेतल्या बंदराचं नाव, हे तुम्ही ओळखलं असेलच.

आता सोलापूरकराने जहाजांवर लिहावं म्हणजे जरा अतीच. आमच्या शुक्रवार पेठेतून सगळ्यात जवळचं मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, आणि समुद्र बघायचा तर सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी लागते. पण गेले दोन-तीन विकांत मी ह्याच जहाजाच्या मागे आहे, आणि त्याचं कारण जहाज नाहीये, घर आहे. ते पुढे येईलच.

ट्रिंकोमाली बांधलं वाडियांनी. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि पुढे दीडशे वर्षं त्यांच्या घराण्यानं मुंबईत जहाजं बांधली. १८१० मध्ये जमशेटजी बोमनजींनी ‘मिंडेन’ नावाची चौऱ्याहत्तर तोफांची युद्धनौका ब्रिटिश आरमाराला बांधून दिली. १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’ त्यांचीच, जिच्यावर १८४२ मध्ये चीनने नानकिंगच्या तहावर सह्या केल्या. १८१५ ची ‘वेलस्ली’ तर १९४० पर्यंत टिकली, मग थेम्स नदीत जर्मन बॉम्बने बुडाली. एकशे पंचवीस वर्षांचं लाकडी जहाज विमानातून मारावं लागलं, म्हणजे बघा!

ह्याचं रहस्य मलबारचं सागवान. इंग्लंडची जहाजं ओकची. ओकमध्ये एक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं आणि गंजलेला खिळा मग आजूबाजूचं लाकूड खातो. सागवानात तेल असतं, त्यामुळे खिळाही टिकतो आणि लाकूडही. शिवाय आपल्याकडचे सुतार फळीला फळी नुसती भिडवत नसत, कडेला खाच पाडून एकमेकींत बसवत आणि मध्ये कापूस आणि राळ ठासत. काम हळू, पण पक्कं.

ट्रिंकोमालीची जन्मकथाही मजेशीर आहे. तिचा मूळ आराखडा फ्रेंच. १७८२ मध्ये इंग्रजांनी ‘हेबे’ नावाचं फ्रेंच जहाज पकडलं, ते इतकं आवडलं की त्याच्यावरून स्वतःची अख्खी मालिका काढली. (रिव्हर्स इंजिनिअरिंग आपण शोधून काढलं असं कोणी समजू नये.) ते नकाशे मुंबईला पाठवले ‘जावा’ नावाच्या जहाजातून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला गाठलं आणि संपवलं. नकाशे गेले. दुसरी प्रत मागवावी लागली आणि काम लांबलं. जावावर मुंबईला नेमणुकीवर निघालेले एक जनरल हिस्लॉप होते, ते कैद होऊन सुटले. हेच हिस्लॉप डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभे होते. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

१८१९ मध्ये ट्रिंकोमाली सेंट हेलेना बेटावरून (तिथे तेव्हा नेपोलियन कैदेत होता) पोर्ट्समथला पोचली. पण तोपर्यंत युद्ध संपलेलं. मग जवळजवळ पंचवीस वर्षं ती नुसती बांधून ठेवली. १८४५ नंतर तोफा कमी करून, मागची बाजू बदलून तिला पुन्हा कामाला लावलं. दोन लांब फेऱ्या झाल्या, वेस्ट इंडीज आणि पॅसिफिक. मग शिकाऊ खलाशांची शाळा. आणि १८९७ मध्ये भंगारवाला.

इथे व्हिटली कॉब हा माणूस येतो, आणि माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं पात्र तोच आहे.

आरमाराने नेल्सनचं ‘फुद्रोयां’ नावाचं जहाज १८९२ मध्ये विकलं आणि ते जर्मन भंगारवाल्याकडे गेलं. इंग्लंडमध्ये गहजब झाला. कॉबने पदरचे पैसे घालून ते परत विकत घेतलं. इथपर्यंत ठीक. पण नंतर त्याने ते पूर्णपणे जुन्यासारखं करायला घेतलं. डोलकाठ्या, दोर, तोफा, सगळं नेल्सनच्या वेळचं. खर्च इतका वाढला की तो भरून काढायला जहाज गावोगावच्या किनाऱ्यांवर नेऊन तिकीट लावून दाखवायची वेळ आली. म्हणजे ज्या जहाजाला गोदीत शांत पडून राहायला हवं होतं, ते दुरुस्तीचं कर्ज फेडायला उघड्या समुद्रात उभं राहिलं. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलला वादळात नांगर सुटला आणि फुद्रोयां वाळूवर फुटली. तिच्या लाकडाच्या काठ्या, खुर्च्या, आणि तांब्याची पदकं करून विकली.

अति दुरुस्तीने मेलेलं जहाज, असं मी तरी म्हणेन. लाकूड कुजून नाही मेलं.

कॉबने मात्र हार मानली नाही. त्याच वर्षी त्याने भंगारात निघालेली ट्रिंकोमाली घेतली आणि तिचं नावच फुद्रोयां ठेवलं. ह्या वेळेला त्याने फारसं काही केलं नाही. मुलांना जहाजाचं काम शिकवायला ती फालमथला आणि नंतर पोर्ट्समथला बांधून ठेवली. तिथे ती १९८६ पर्यंत होती. तिच्या जोडीला कॉबने मिळवलेलं आणखी एक मोठं जहाज होतं, ‘इम्प्लेकेबल’. मूळ फ्रेंच, १८०५ मध्ये पकडलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते दुरुस्त करायला पैसे कोणाकडेच नव्हते. ब्रिटनने हात वर केले, फ्रान्सनेही नको म्हटलं. २ डिसेंबर १९४९ ला दोन्ही देशांचे झेंडे लावून, स्फोटकं भरून ते समुद्रात बुडवलं. पुढचा पुतळा आणि मागची सजावट तेवढी काढून ग्रीनिचच्या संग्रहालयात ठेवली. एका जहाजाला जास्त दुरुस्ती झाली, दुसऱ्याला अजिबात नाही. तिसरं ह्या दोघांच्या मधून वाचलं.

आता घराची गोष्ट.

आमचं पेठेतलं घर माळवदाचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: खाली दगडी तळखडे, त्यावर सागवानी खांब, वर तुळया, त्यावर कडीपाट आणि किलचण, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. सोलापूरच्या उन्हाळ्यात ह्याच्यासारखं थंड घर नाही. पण दर वर्षी पावसाळ्याआधी वर चढून माती चोपावी लागते. आता चोपणार कोण? मी पुण्यात, चुलतभाऊ बंगळूरला. दोन वर्षांपूर्वी मधल्या खोलीत पाणी गळायला लागलं आणि घरात तीन पक्ष पडले. धाकटे काका म्हणतात, उतरवा सगळं, स्लॅब टाका, खाली दोन गाळे निघतील. वडील म्हणतात, एक किलचण बदलायची नाही, आजोबांनी बांधलंय. आणि आई म्हणते, काय करायचं ते करा, पण जूनच्या आत करा.

सुतार आला, हातोडीने प्रत्येक खांब वाजवून बघितला. ठण्ण वाजला की चांगला, भद्द वाजला की आत पोकळ. ह्यापेक्षा सोपं टेस्टिंग मी तरी पाहिलेलं नाही. मग म्हणाला, “मालक, खांबांना काय बी झालं नाही, तळखड्यावर उभेत. वरचं माळवद भिजतंय, तिथनं वाळवी उतरती. दोन तुळया गेल्यात, तिसरीचं निम्मं टोक गेलंय.”

“निम्मं टोक म्हणजे तुळई बदलायची का?” वडिलांनी विचारलं.

“बदला की. न्हाईतर टोक कापून नवा जोड बसवतो. आवाज चांगला हाय बाकीचा.”

वडिलांचा चेहरा उजळला, काकांचा पडला. आणि मी मनात म्हटलं, अरे, हाच तर हार्टलपूलचा प्रश्न!

१९८७ मध्ये ट्रिंकोमालीला बार्जवर चढवून हार्टलपूलला आणलं. तेच गाव का? तर तिथली जहाजबांधणी १९६० च्या दशकातच बंद पडली होती, पण १९७९ पासून तिथे ‘वॉरियर’ ह्या १८६० च्या लोखंडी युद्धनौकेची दुरुस्ती चालली होती. १९८७ मध्ये वॉरियर पूर्ण होऊन पोर्ट्समथला गेली आणि शिकलेले हात मोकळे झाले. ट्रिंकोमालीचं काम १९९० ला सुरू झालं, १९९२ मध्ये तिला तिचं मूळ नाव परत मिळालं, आणि काम संपलं २००१ ला. अकरा वर्षं, सुमारे एक कोटी पाच लाख पाउंड. आणि शेवटी जहाजाच्या सांगाड्यातलं साठ टक्क्यांहून जास्त लाकूड मूळचं राहिलं. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या सुतारांनी तासलेलं.

साठ टक्के हा आकडा केवढा आहे हे कळायला बाकीची बघू. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ १७६५ ची, १९२२ पासून कोरड्या गोदीत. तिच्यात ट्राफल्गारच्या वेळचं लाकूड साधारण पाचवा हिस्सा उरलंय असं मानतात. (तिचं ओक कुजलं तेव्हा विसाव्या शतकात काही ठिकाणी सागवान घातलं. इंग्रजांच्या सगळ्यात लाडक्या जहाजाला आपलं लाकूड! २०२२ पासून जे मोठं काम सुरू आहे त्यात पुन्हा ओककडे वळलेत.) आणि जिने जावा बुडवली ती अमेरिकेची कॉन्स्टिट्यूशन, १७९७ ची, अजून बोस्टनला आहे. तिच्यात मूळचं लाकूड दहा-पंधरा टक्के.

इथे कोणीतरी थिसियसचं जहाज काढणारच. प्लुटार्कने लिहिलंय की अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं जहाज शेकडो वर्षं जपलं, कुजलेली फळी काढून नवी घालत गेले, आणि तत्त्वज्ञ भांडत बसले की हे तेच का दुसरं. ते भांडण मला तरी आता कंटाळवाणं वाटतं. प्रश्न टक्क्यांचा नाहीच. आमच्या पूर्वभागातल्या विणकराच्या घरातला हातमाग घ्या. फणी बदलली, धोटा बदलला, दोन लाकडं बदलली. त्याला कोणी विचारत नाही की हा माग आजोबांचाच ना? तो चालतो, चादर निघते, संपलं. चालत्या वस्तूला टक्के नसतात. वस्तू थांबली, तिच्याभोवती दोरी बांधली, की मग टक्के सुरू होतात.

कॉन्स्टिट्यूशनचंच बघा. लाकडी जहाजाला एक म्हातारपणाचा रोग असतो. पाणी पोटाला वर ढकलतं, पण नाळ आणि मागची बाजू जड असून त्यांना आधार कमी. मग वर्षानुवर्षं दोन्ही टोकं लोंबत जातात आणि तळाचा कणा मध्ये वर उचलला जातो. कॉन्स्टिट्यूशनचा कणा तेरा इंचांहून जास्त वाकला होता. १९९२ ते १९९५ च्या दुरुस्तीत जुनी कागदपत्रं तपासताना लक्षात आलं की मूळ बांधणीत आतून तिरके वासे होते, आणि मधल्या कुठल्यातरी दुरुस्तीत ते काढून टाकलेले. ते परत बसवले. कणा सरळ झाला, आणि २१ जुलै १९९७ ला ते जहाज शंभरहून जास्त वर्षांनी स्वतःच्या शिडांवर चाललं. लाकूड नवीन, पण अक्कल १७९७ ची. ह्याला नकली म्हणायला माझी तरी जीभ धजावत नाही.

उलटं उदाहरणही अमेरिकेतलंच. बाल्टिमोरला ‘कॉन्स्टेलेशन’ नावाचं जहाज आहे. १७९७ मध्ये ह्या नावाचं एक जहाज बांधलं होतं, ते १८५३ मध्ये मोडलं, आणि १८५४ मध्ये त्याच नावाचं दुसरं बांधलं. १९५५ मध्ये हे दुसरं जहाज बाल्टिमोरला आलं आणि तिथल्या लोकांनी ठरवलं की हेच ते १७९७ चं. मग तसं दिसावं म्हणून त्याची मोडतोड करून ‘मूळ’ रूप दिलं. वाद चालूच राहिला, बनावट कागदसुद्धा निघाले. १९९१ मध्ये अमेरिकन आरमाराच्याच संशोधकांनी सिद्ध केलं की हे जहाज १८५४ चंच. मग १९९६ ते १९९९ पुन्हा सगळं उलटं करत ते १८५४ च्या रूपात आणलं. आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती! आमच्या धंद्यात हे रोजचं असलं, तरी आमच्याकडे निदान जुनी आवृत्ती परत काढता येते. लाकडाला ती सोय नाही. कापलेलं टोक परत येत नाही.

ह्यातून माझं मत असं बनलंय की आधी ठरवायचं ते ‘किती बदलायचं’ हे नाही, ‘हिच्याकडून काय काम घ्यायचंय’ हे. समुद्रावर न्यायची असेल तर फार जुनं लाकूड ठेवणं हा खलाशांच्या जिवाशी खेळ आहे. नुसती जपायची असेल तर लंडनच्या ‘कटी सार्क’सारखी करता येते. २००६ ते २०१२ मध्ये तिचं नव्वद टक्क्यांहून जास्त मूळ शरीर वाचवलं (मध्ये २००७ ला आगसुद्धा लागली, नशिबाने बऱ्याच फळ्या तेव्हा काढून दुसरीकडे ठेवलेल्या). पण तिला तीन मीटर वर उचलून काचेच्या पेटीवर बसवली आहे. लाकूड सगळं तिचं, पण जहाज म्हणून ती संपली, असं मला वाटतं. ट्रिंकोमाली मधली वाट आहे. ती कुठे जात नाही, पण तरंगते. व्हिक्टरी कोरड्या गोदीत असल्याने आज तरंगणारी सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका हीच.

थोडं अवांतर. आपल्याकडे ह्यातलं काय उरलं? आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळालं, आणि ते जाळायला इंग्रजांच्या बरोबर पेशवेच होते. तिथे जवळ गिर्याला खडकात खोदलेली गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला कोरड्यावर डागडुजी करायची. गोदी आहे, गलबत एकही नाही. १९९७ ला निवृत्त झालेली विक्रांत संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती, ती २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली आणि तिच्या पोलादाच्या मोटरसायकली निघाल्या. फुद्रोयांच्या लाकडाच्या काठ्यांसारखंच. दुसऱ्या टोकाला, २०२५ मध्ये कारवारला आरमारात दाखल झालेली ‘कौंडिण्य’: अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून गोव्यात बांधलेली, फळ्या काथ्याने शिवलेली. मूळचं लाकूड शून्य टक्के. पण फळी शिवायची कशी हे केरळच्या ज्या कारागिरांच्या हातात होतं, ते मूळचंच. मला ती फार आवडली.

असो. परत घराकडे. ट्रिंकोमालीची एक धाकटी बहीण अजून आहे, त्याच फ्रेंच आराखड्यावर बांधलेली. नाव ‘युनिकॉर्न’, १८२४, स्कॉटलंडच्या डंडी गावात. ती ओकची, म्हणजे खरं तर आधी कुजायला हवी. पण जगातल्या सगळ्यात कमी बदललेल्या जुन्या जहाजांत तिची गणना होते. कारण अगदी साधं आहे. ती बांधली तेव्हा युद्ध नव्हतं, म्हणून डोलकाठ्या उभ्याच केल्या नाहीत आणि वरच्या डेकवर सुरुवातीपासूनच छप्पर घातलं. लाकडी जहाजाचा शत्रू समुद्राचं खारं पाणी नाही, वरून पडणारं पावसाचं गोडं पाणी. खाऱ्या पाण्यात लाकूड मुरतं, गोड्या पाण्याने कुजतं. कोकणातले मच्छीमार पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात, त्यांना हे कोणी इंग्लंडहून येऊन सांगितलेलं नाही.

हे मी घरी फोनवर सांगितलं. काका म्हणाले, “म्हणजे आता आपण जहाजावरून शिकायचं का?” पण माळवदावर साधा पत्रा टाकायला तेही हो म्हणाले, कारण तो उद्या काढताही येतो. वडिलांना दोन गेलेल्या तुळया बदलणं मान्य झालं, तिसरीला जोड. नव्या लाकडावर सुताराकडून साल कोरून घ्यायचं, म्हणजे पुढच्या कोणाला आजोबांचं कुठलं आणि आपलं कुठलं ह्यावर भांडायला नको. गाळ्यांचा विषय दिवाळीपर्यंत बंद. सुतार अक्षय्य तृतीयेनंतर येतोय, पत्रा त्याच्या आधी लागेल.